तडा गेलेला तांबडा स्फटिक

मित्रांनो, मी एक तांबडा स्फटिक आहे. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. पण मला कमी लेखू नका. माझा जन्म ट्रॉम्ब्याच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या कुपीत झाला. माझं मूळ मात्र देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरालगतच्या मातीत आहे. तिथल्या जिवाणूंना लोह लागतं आणि ते सहजासहजी मिळत नाही. म्हणून ते एक रेणू तयार करून बाहेर सोडतात. तो लोह पकडून त्यांच्याकडे आणतो. असे अगणित रेणू त्या कुपीत लोहाला घट्ट धरून शिस्तीत रांगा लावून बसले आणि मी घडलो.

मला वाढवलं रश्मीनं. घाटकोपरहून येणारी ही संशोधक आल्या आल्या आधी माझ्या कुपीत डोकवायची. लोहाच्या एका कणाला एकच रेणू धरतो की दोन मिळून, हे तिला माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. तिचा सहकारी मुकुल म्हणायचा, एकच. रश्मीला वाटायचं, दोन.

तपासणीच्या आदल्या दिवशी कुपीला धक्का लागला आणि माझ्या टोकाला तडा गेला.

"वाट लागली!" मुकुल म्हणाला. "टाकून दे यार, नवा वाढव."

"नवा वाढायला महिना जाईल रे. क्ष-किरणांचं यंत्र आपल्याला उद्याच मिळणार आहे ना!"

"पण फुटक्या खड्यात काय दिसणार गं?"

"टोक फुटलंय. बाकीचा बघ, झकास आहे!"

तिनं मला तेलाच्या थेंबात ठेवलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि श्वास रोखून बारीक पात्यानं ते टोक कापून टाकलं. खरं सांगतो, मी घाबरलो नाही. तिचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला यंत्रात, थंडगार वायूच्या झोतात बसवलं. क्ष-किरण माझ्यातून आरपार गेले आणि पडद्यावर स्वच्छ ठिपके उमटले. त्यांच्या गणितातून हळूहळू माझ्या आतलं चित्र उभं राहिलं. मध्ये लोह आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेतलेले दोन रेणू!

मुकुल म्हणाला, "दोनच आहेत गं. मानलं तुला!"

रश्मीनं डोळे पुसले आणि आईला फोन लावला. "आई, दिसलं गं," एवढंच तिला बोलता आलं.

किरणांनी माझा रंग आता उतरलाय. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, एकच विनंती आहे. तडा गेलेली वस्तू हाती आली, तर फेकण्याआधी तिचा धड राहिलेला भाग नीट पाहा. मला जे सांगायचं होतं, ते सगळं त्याच भागात होतं.