मागं फिरणारा थेंब

सूर्यभाननं गुऱ्हाळातल्या बाजेवर फडकं सोडलं आणि आतला जाडजूड प्रबंध किशनरावांच्या पुढ्यात ठेवला. लाल पुठ्ठा, सोनेरी इंग्रजी अक्षरं. काहिलीत उकळणाऱ्या रसालाही दिसावा अशा बेतानं त्यानं तो जरा तिरपा केला.

"पंडितचा हाय. मंजूर झाला."

झरीच्या शाळेत शिपाई असलेल्या सूर्यभाननं नऊ वर्षं ह्याच गुऱ्हाळावर पोराची कीर्ती सांगितली होती. ऐकणाऱ्यांनी ती फुकटच्या रसाबरोबर रिचवली होती. आज पुरावा आला होता, आणि पुराव्याचा लेखकही. तो औरंगाबादहून एसटीनं येऊन बापामागं अंग चोरून उभा होता.

गुऱ्हाळाचे मालक किशनराव यांनी पुठ्ठ्यावर टिचकी मारली.

"काय लिवलंय एवढं?"

"चिकट द्रव नळीतून पुढंमागं कसा वाहतो, ते," पंडित म्हणाला.

"मग पोचतो कधी?"

"कुठं?"

"आरं, निघालं म्हंजे कुठंतरी पोचाया पायजे. येलदरीचं पाणी बग, कालव्यानं निघालं की माझ्या उसात येतंय."

पंडितनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही पोचत."

काहिलीवरच्या गूळ रांधणाऱ्या गुळव्यासकट सगळे हसले.

"सूर्यभान, नऊ वर्षं! आन पोचलंच न्हाई म्हणायलंय तुजं पोरगं!"

 सूर्यभाननं घाईनं समीकरणांचं पान उघडलं. त्या पानावर किशनरावांना फक्त बरोबरचं चिन्ह ओळखू आलं. तेही त्यांना खोटं वाटलं.

काहिलीपाशी सूर्यभानची बायको सगुणाबाई भेंडीची ताटं ठेचत होती. पंचवीस वर्षं तिचं हेच काम. भेंडीचा बुळबुळीत चीक काहिलीत सोडला की रसातली मळी वर येते.

"ए सगुणे, रस आन," किशनराव ओरडले. "पोरगं दमलंय, पुढंमागं करून."

सगुणाबाई आली ती चिकाचा लोटा आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ घेऊन. देठात तिनं चीक भरला, देठ आडवा धरला आणि हलकेच फुंकर घातली. दुसऱ्या टोकाला चकचकीत थेंब बाहेर आला. फुंकर थांबली, थेंब आत गेला. पुन्हा फुंकर, पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

हसणं थांबलं.

मग तिनं देठ धुऊन पाणी भरलं आणि तशीच फुंकर घातली. पाणी थेट किशनरावांच्या धोतरावर पडलं. ते परत येतंय का, ह्याची सगळ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"पाणी पोचलं," सगुणाबाई म्हणाली. "ह्ये कामून मागं फिरतंय, त्येच लिवलंय त्यानं."

"लहानपणी मी इथं रडलो की आई हेच करायची," पंडित खाली बघत म्हणाला. "रडणं थांबायचं. थेंब मागं का येतो, तेवढं मात्र कुणी सांगायचं नाही."

सूर्यभान बायकोकडं बघतच राहिला. नऊ वर्षं त्यानं सगळं श्रेय विद्यापीठाला आणि पोराला शाळेत नेणाऱ्या स्वतःच्या सायकलीला वाटून टाकलं होतं.

किशनरावांनी धोतर झटकलं.

"सगुणाबाई," ते म्हणाले, आणि गुळव्याचा हात थांबला. पंचवीस वर्षांत हे नाव त्या गुऱ्हाळात पुरतं कुणी घेतलं नव्हतं. "परत एकदा दावा बरं."

"आता न्हाई. काहील उतू जायलीय," म्हणत ती वळली.

सूर्यभाननं प्रबंध फडक्यात बांधला. मग गाठ सोडली, पपईचा देठ पुसून त्यावर ठेवला आणि पुन्हा बांधली.