हॉकीचं अनुमोदन

मुर्ध्याच्या हिवाळी महोत्सवाच्या समितीत सात माणसं होती. रविवारी सकाळी समाजमंदिराच्या पायऱ्या चढतानाच महिपत कदमांनी त्यातली स्वतःसकट चार आपल्या बाजूची धरली होती. विषय एकच होता : पस्तिशीपुढच्यांची हॉकी स्पर्धा महोत्सवात ठेवायची की काढायची.

स्पर्धा आठ वर्षांपूर्वी महिपतरावांनीच सुरू केली होती. सहा संघ, दोन दिवस, पोटं सुटलेले आणि गुडघ्यांना पट्टे बांधलेले गडी. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून महिपतरावांचा फोन वाजायचा तो या दोन दिवसांच्या आगेमागेच. बाकी वर्षभर तो नुसता चार्ज होत पडलेला असायचा.

सचिव रोहित लॅपटॉप उघडून तयारच बसला होता.

"काका, राग मानू नका. गेल्या वर्षी फायनलला प्रेक्षक किती होते?"

"अडीचशे तरी असतील."

रोहितने ड्रोनने काढलेला फोटो भिंतीवर दाखवला. "मी मोजलेत. त्रेसष्ट. त्यातले वीस खेळाडूंच्या घरचे. आणि हे अकरा जण पाणीपुरीच्या रांगेत, तुमच्याकडे पाठ करून."

कोणीतरी खुदकन हसलं.

"आणि तो बॉल!" अध्यक्ष मनोरमाताई म्हणाल्या. "थेट पाणीपुरीवाल्याच्या माठात. पोराच्या डोक्यात बसला असता तर?"

"जाळी उंच लावू, ताई."

"जाळीचं नाही हो, जागेचं आहे," रोहित म्हणाला. "अख्ख्या मैदानावर खाऊगल्ली करतोय या वर्षी. पब्लिक खायलाच येतं, काका."

"खायला स्टेशनबाहेर रोज मिळतं. त्याला महोत्सव कशाला पाहिजे?"

"आणि धापा टाकणारे काका तर जिन्यातही रोज दिसतात!"

या वेळी सगळेच हसले. महिपतरावही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

मनोरमाताईंनी मधला मार्ग काढला. शेवटच्या दिवशी स्टेजसमोर हिरवा गालिचा अंथरायचा, त्यावर वीस मिनिटांचा प्रदर्शनीय सामना. चेंडू प्लास्टिकचा. "म्हणजे हॉकी कार्यक्रमपत्रिकेत राहील," त्या समजुतीच्या स्वरात म्हणाल्या.

"आधी मत घ्या," महिपतराव म्हणाले. "पूर्ण स्पर्धा हवी, त्यांनी हात वर करा."

त्यांच्यासह तीन हात वर झाले. विरोधात तीन. उरल्या विमलाबाई. मुर्धा गावच्या धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवल्याची गाणी म्हणणाऱ्या. बाहेरून आलेल्या बिल्डिंगवाल्यांनी गावच्या जुन्या चालीला धरून राहावं, असं त्या प्रत्येक मीटिंगमध्ये बोलायच्या. महिपतरावांनी चौथं मत धरलं होतं ते त्यांचंच.

"विमलाबाई, तुम्ही सांगा. जुनी गोष्ट अशी काढून टाकायची का?"

विमलाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"तुझी हाकी आली त्या वर्साला आमचा धवला निघाला. याद हाय?"

महिपतरावांना आठवत होतं. सकाळचं सत्र हॉकीला हवं होतं, म्हणून बायकांचं गाणं काढलं होतं. "पण तुम्ही स्वतः ठरावावर सही केली होती, बाई. मी कौतुकाने सांगत असतो सगळ्यांना."

"केली ना. समोर कागद ठेवलास, पेन दिलास. मंग काय करनार व्हती? बारा बाया व्हत्या माझ्या गान्याला. चार राहिल्यात. हाकीशी माझा वैर न्हाय, पन हात मी वर करनार न्हाय."

एवढं बोलून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात मांडीवर ठेवले. तिनास तीन झाले, आणि निर्णय अध्यक्षांकडे गेला. मनोरमाताईंना तो द्यायला वेळ लागला नाही : स्पर्धा काढायची, वीस मिनिटं ठेवायची.

मग समितीचा नेहमीचा रिवाज आला. ज्याचा कार्यक्रम काढायचा, त्यानेच ठरावाला अनुमोदन द्यायचं, म्हणजे पुढे गावभर कुरकुर करायला तोंड राहत नाही. हा रिवाज सुरू करणारेही महिपतरावच. आठ वर्षांपूर्वी त्यांना तो फार सभ्य वाटला होता.

"मी सही केली नाही तर?"

"तर ती वीस मिनिटंही धरता येणार नाहीत," मनोरमाताई म्हणाल्या. "तुमचा मान राखायला म्हणून तर ठेवतोय ना."

महिपतरावांनी खिडकीकडे पाहिलं. वीस मिनिटं म्हणजे काही नाहीच, असं नव्हे. पत्रिकेवर नाव राहील, पुढच्या वर्षी भांडायला जागा राहील. त्यांनी सही केली. रोहितने इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवलं :

"श्री. कदम यांनी या ठरावास आनंदाने अनुमोदन दिले."

"'आनंदाने' काढ."

"काका, फॉरमॅटच तसा आहे. सगळ्यांना तसंच लिहितो."

"माझ्या येळीबी तसाच लिवला व्हता?" विमलाबाईंनी विचारलं.

त्यांनी रोहितला विचारलं होतं, पण त्या वर्षीचं इतिवृत्त महिपतरावांच्या अक्षरात होतं. चहा आला. तो न घेताच ते उठले.

खाली त्यांचा गोलकीपर सदू स्कूटरवर बसून वाट पाहत होता. किनाऱ्यावरच्या पाली गावचा कोळी, वय सत्तेचाळीस. पहाटे मासेमारीच्या होडीवरून येऊन थेट सरावाला उभा राहायचा.

"काय झाला, दादा? राहिली ना?"

"राहिली. म्हणजे प्रदर्शनीय आहे. वीस मिनिटं, स्टेजसमोर."

"वीस मिन्टा? आनी बॉल?"

"प्लास्टिकचा."

"कुनी ठरवला ह्या?"

"समितीने."

"आनी तू हो बोलला?"

"सही केली. नाव तरी राहील, सदू."

"कुनाचा नाव? मी पॅड बांधून पोराबाळांच्या म्होरं चेंडू पकडत बसू? त्यापरीस घरी बसतो." त्याने स्कूटरला किल्ली लावली. "न्हाय बोलला असतास, तर सगले संघ घेऊन त्यांच्या दारात बसलो असतो. आता काय बोलनार? तूच सय केली."

स्कूटर गल्लीतून निघून गेली. महिपतराव खिशातून फोन काढून उभे राहिले. अजून पाच कप्तानांना सांगायचं होतं.