कबुलीचा सराव

आमच्या लेकीला खोटं बोलता येत नव्हतं. नको असलेला पाहुणा दारात आला की मी आतून हातवारे करायचो आणि ही त्याला सरळ सांगायची, "बाबा आहेत, पण नाहीत असं सांगायला सांगितलंय." नववीत गेली तरी तेच. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्यालाही तिने तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही काढलेल्या फोटोत माणसं मेल्यासारखी दिसतात. दुसऱ्या दिवशी त्याची दर्शनी काच फुटलेली सापडली, आणि आळ अर्थातच हिच्यावर आला. मी निर्धास्त होतो. ती नाही म्हणाली म्हणजे नाही.

चौकीतल्या साहेबांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की हल्ली मुलांना कोर्टात खेचत नाहीत. सुधारवर्ग असतो. चार चांगल्या गोष्टी ऐकायच्या, ज्याचं नुकसान झालं त्याची माफी मागायची, की केस बंद, नावावर डाग नाही. अट एकच, आधी गुन्हा कबूल करायचा. केलाच नसेल तर काय, असं मी विचारलं. साहेबांचा चेहरा पडला. मग कोर्ट, वकील, तारखा. न केलेल्यांसाठी त्या योजनेत काही सोयच नव्हती.

बायको म्हणाली, पोरीचं वर्ष वाया जाईल. मी दोन दिवस तणतणलो आणि शेवटी लेकीला समजवायला मीच बसलो.

"पण बाबा, मी काच फोडली नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर फोडली म्हण म्हणतोय."

हे बोलताना माझी मलाच लाज वाटली, पण बोललो.

वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळ्यांनी ताई म्हणायचं होतं. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मधोमध रडणाऱ्यांसाठी टिश्यूचा डबा. पहिल्या दिवशी लेक म्हणाली, "मी काच फोडली," आणि एका दमात, "असं म्हणायला सांगितलंय." ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी अजून मनाने तयार नाही, घरी तिच्याशी बोला. मग आमच्या घरी रोज सराव सुरू झाला. मी साहेब व्हायचो, बायको चुका काढायची, एवढं घडाघडा नको, जरा अडखळ. हळूहळू पोरगी तयार झाली. दगड कुठून उचलला, हात कसा थरथरला, नंतर जेवण कसं गेलं नाही, हे सगळं ती आपल्या मनानेच घालायला लागली. बायको खूश झाली. मी मात्र साहेबाच्या खुर्चीवरून उठलो.

शेवटच्या दिवशी स्टुडिओवाला माफी ऐकायला आला. लेक अशी काही बोलली की ताईंनीच डब्यातला टिश्यू घेतला. स्टुडिओवाला आपला खुर्चीत चुळबुळत होता. सगळं संपल्यावर म्हणाला, "काच आमच्या जावयाने फोडली हो. गाडी मागे घेताना. कालच कळलं. पण पोरगी इतकं छान बोलत होती, मध्ये थांबवणं बरं दिसेना."

मी विचारलं, मग जावई कुठे आहे, त्याला आणा माफी मागायला. तो म्हणाला, जावयाला कसं बोलणार? यावर खोलीतल्या सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

ताई मात्र दुखावल्या होत्या. "म्हणजे इतके दिवस तू आमच्याशी खोटं बोललीस?" त्यांनी लेकीला विचारलं. प्रामाणिकपणाचा वेगळा वर्ग असतो म्हणाल्या, त्यात घालावं लागेल. माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो, पण माझ्याआधी लेकच बोलली.

"हो ताई, चुकलं माझं. पण तुमच्या वर्गाने मी खरंच बदलले."

ताई विरघळल्या. नव्या वर्गाचा विषय तिथेच मिटला, पाठीवर हात फिरला, केस बंद झाली.

घरी येताना ती माझ्या बाजूने चालत होती. माझ्याच्याने राहवेना. विचारलं, "माझ्यावर रागावलीस का गं?"

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि छान हसली.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. खरं बोलत होती की खोटं, मला ओळखता आलं नाही.