खालच्या सुरातली लक्ष्मम्मा

गुरुपादप्पांना काय ऐकू येतं आणि काय येत नाही, यावर लातूरच्या त्या घरात रोज वाद होई. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नसे. दारावरची बेल ऐकू येत नसे. नातीने कानाशी तोंड नेऊन "आज्जा!" म्हणून किंचाळलं तरी गृहस्थ आपले पेपर वाचत बसलेले. पण मागच्या दाळमिलमध्ये तुरीचं पोतं धपकन पडलं, की जेवता जेवता हात थांबे आणि ते विचारत, "कोन पाडलं रे ते?"

"मामांना फायद्याचं तेवढं बरोबर ऐकू येतं," असं सून मंजुषा म्हणायची आणि सगळं घर हसायचं. उभी हयात मिलच्या घरघराटात गेलेली. मुलाने, उमाशंकरने, कानाचं मशीन आणून दिलं, तर दोन दिवस लावून त्यांनी ते डबीत घातलं आणि डबी कपाटात ठेवून दिली. "मानसं बोलतात का पत्रा घासतात, काय कळंना," म्हणाले.

लक्ष्मम्माला मात्र या सगळ्यात हसू येत नसे.

लग्न होऊन लातूरला आली तेव्हापासून गल्लीतल्या मठात दर सोमवारी बायकांचं भजन तिच्यामागे चाले. तिने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. आवाज चढा, स्वच्छ. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत जाणारा. त्या दिवसांत गुरुपादप्पा सोमवारी मिल लवकर बंद करून मठाच्या पायरीवर येऊन बसत. बायकांत कसं बसायचं, म्हणून बाहेरच. घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणत, "आज बरं झालं." तेवढ्या तीन शब्दांवर लक्ष्मम्माचा आठवडा निघे.

पायरीवर ते अजूनही बसत, पण आता त्यांची मान डोले ती भजन संपून बायका चपला शोधायला लागल्यावर. एका सोमवारी लक्ष्मम्माचा घसा बसला होता. ती नुसती टाळ वाजवत बसली, तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवशीही घरी आल्यावर ते म्हणाले, "आज बरं झालं."

नवरा खोटं बोलतो आहे हे तेव्हा तिला कळलं. मायेने बोलत होता, पण खोटंच. स्वयंपाकघरात जाऊन ती कणकेच्या परातीपुढे बसून रडली.

अशात नांदेडहून तिची भाची वर्षाराणी आली. ही तिच्या भावाची मुलगी. मुंबईला राहून पाश्चात्त्य पद्धतीचं समूहगान शिकली होती आणि आता नांदेडला तिने स्वतःचा कॉयर काढला होता. एका लहानशा कंपनीतर्फे नव्या समूहगानाची रेकॉर्ड निघणार होती आणि तीत वर्षाराणीची एक रचना होती. तिने 'ॐ नमः शिवाय' तीन आवाजांत बांधलं होतं, वरचा, मधला आणि खालचा. तिन्ही आवाज वेगळे चालायचे आणि एकत्र सुंदर लागायचे.

"शिकलेले गळे नकोत मला, आत्या," ती म्हणाली. "तुमचं भजनी मंडळ पाहिजे."

लक्ष्मम्माच्या डोक्यात एकच गोष्ट आली. मठात आवाज मोठा करायचं बटण नसतं, रेकॉर्डला असतं. उमाशंकरचा तो मोठा स्पीकर लावायचा, बटण पार शेवटपर्यंत फिरवायचं आणि यांना समोर बसवायचं. मग कसं ऐकू येणार नाही? भाचीचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने हो म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर करून टाकलं की आपलं गाणं रेकॉर्डवर येणार आहे.

तालमीच्या पहिल्याच दिवशी वर्षाराणीने सगळ्यांचे आवाज तपासले. शेजारच्या कमलम्माला वरच्या रांगेत बसवलं आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही खालच्या रांगेत."

"म्या? खाली?"

"तुमचा आवाज आता उतरलाय, आत्या. भरदार झालाय."

लक्ष्मम्माच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. अलीकडे भजन आपण जरा खालून उचलतो हे तिला ठाऊक होतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटलं नव्हतं. त्यात खालच्या रांगेला चाल म्हणावी अशी नव्हतीच. दोन सूर, तेही आलटून पालटून, लांबवायचे. सगळी गोड चाल कमलम्माच्या वाट्याला.

"दोन सुरांसाठी बोलावलं व्हय मला?" ती म्हणाली. "ह्यात माजं कोन ऐकनार?"

"सगळे ऐकतील, आत्या. फक्त कोणाला कळणार नाही."

हे तर जास्तच लागलं. ज्या माणसाला कळायला हवं होतं, त्याला तर समोर बोललेलंही कळत नव्हतं. तिथेच उठून जावंसं वाटलं तिला, पण गल्लीभर सांगून बसल्यामुळे उठायचीही सोय राहिली नव्हती.

त्यातून एक अडचण वेगळीच निघाली. भजनात रीत अशी की पुढची जे म्हणेल तेच मागच्यांनी म्हणायचं. आपलाच सूर वेगळा धरून बसणं म्हणजे आगाऊपणा. त्यामुळे कमलम्माने वर चाल घेतली, की चार मात्रा गेल्या न गेल्या तोच खालची रांग सगळी तिच्यामागे. वर्षाराणी थांबवायची, समजवायची, पुन्हा सुरू करायची आणि पुन्हा सगळ्याजणी कमलम्माच्या दारात. सगळ्यांत आधी लक्ष्मम्मा. इतक्या वर्षांत कोणाच्या मागे गेली नव्हती, आता मात्र न बोलावता जाऊ लागली.

एके सकाळी ती देव्हाऱ्यासमोर पूजेला बसली होती. हातावर इष्टलिंग, ओठांत मंत्र. मागे मिल सुरू झाली आणि तिची घरघर भिंतीतून घरात शिरली. मंत्र म्हणता म्हणता लक्ष्मम्मा थबकली. आपण त्या घरघरीच्याच सुरात म्हणतो आहोत! रोज तसंच म्हणत आलो आहोत. नात रडो, मंजुषा हाका मारो, सूर हलत नाही.

त्या दिवशी तालमीत तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात मिल सुरू केली. कमलम्मा वर गेली, आणखी वर गेली. लक्ष्मम्मा जागची हलली नाही.

"आत्या!" वर्षाराणीने टाळीच वाजवली. "हेच! हेच पाहिजे होतं!"

ध्वनिमुद्रण नांदेडला होतं. लग्नाच्या तिथी नव्हत्या म्हणून एक मंगल कार्यालय रिकामं मिळालं होतं. तिथला दगडी फरशीचा हॉल छान घुमायचा. मिनीबसने सगळ्या बायका निघाल्या. चाकूरला चहा झाला, अहमदपूर ओलांडेपर्यंत डब्यांतल्या शेंगापोळ्या संपल्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्या नांदेडच्या आनंदराजने माइक लावून ठेवले होते. त्याने पंखे बंद केले, कबुतरं हुसकली, फाटकाशी हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला हात जोडले आणि बायकांना सांगितलं, "शेवटचा सूर संपला की कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आवाज हॉलमध्ये विरेपर्यंत गप्प. ती शांतताही रेकॉर्डमध्ये पाहिजे."

"हाव, हाव," सगळ्या म्हणाल्या.

पहिल्यांदा फार सुरेख झालं. शेवटचा सूर संपला, हॉलभर विरत चालला, आनंदराजने डोळे मिटले आणि सगळ्या बायका एका दमात ओरडल्या, "हर हर महादेव!"

आनंदराजच्या कानांवरचा हेडफोन खालीच पडला.

मंत्र संपल्यावर जयघोष केला नाही, तर जेवून हात न धुतल्यासारखं वाटतं. त्या तरी काय करतील? दुसऱ्यांदा फक्त कमलम्मा ओरडली. तिसऱ्यांदा कमलम्माने पदर तोंडात कोंबला, तर तिच्या मागची ओरडली. वर्षाराणी डोक्याला हात लावून फरशीवर बसली.

मग लक्ष्मम्मा उठली. "मंडळात जयघोष कोन उचलतंय?" तिने विचारलं.

"तू," सगळ्या म्हणाल्या.

"मग म्या उचलल्याबिगर कुनी तोंड उघडायचं न्हाई. म्या वर्षाच्या तोंडाकडं बघून राहते. ती हसली की म्या म्हनीन."

त्या खेपेला शेवटचा सूर संपला, विरला आणि हॉलमध्ये अशी शांतता झाली की बाहेरच्या लिंबावरची चिमणीसुद्धा गप्प वाटली. वर्षाराणी हसली. मग जो जयघोष झाला त्याने कबुतरं परत आली आणि परत उडाली.

रेकॉर्ड निघाली त्या रविवारी लक्ष्मम्माच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कमलम्मा नवं इरकल नेसून पुढे बसली होती. उमाशंकरने फोन स्पीकरला जोडला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. गुरुपादप्पा स्पीकरसमोर खुर्चीत. लक्ष्मम्मा दारात उभी. तिला रेकॉर्ड ऐकायचीच नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि एकदा ते 'बरं झालं' म्हणाले की आपणही हसून मान हलवायची, वाद घालायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

सूर सुरू झाले. कमलम्माची चाल घरभर लखलखली. गल्लीतल्या बाया "वा, कमले, वा!" म्हणू लागल्या. गुरुपादप्पांनी कान पुढे केला. कपाळाला आठ्या पडल्या. मग हळूहळू आठ्या गेल्या आणि त्यांची मान डोलू लागली. बरोबर तालात, बरोबर जागेवर.

लक्ष्मम्माने दाराची चौकट घट्ट धरली.

रेकॉर्ड संपली. गुरुपादप्पा वळले आणि बायकोला शोधून म्हणाले, "एकलीच म्हनलीस की गं! बाकीच्या बाया कुठं व्हत्या? ही कमलम्मा तरी तुज्यासोबत गेली व्हती ना?"

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मंजुषाच्या लक्षात आलं. बेल नाही, शिट्टी नाही, नातीची किंकाळी नाही. पोतं मात्र ऐकू येतं. "आत्याबाई," ती लक्ष्मम्माचा हात धरून म्हणाली, "मामांना वरचं येतच नाही ऐकू. खालचं तेवढंच येतं!"

"घ्या! म्या काय मुकी बसले व्हते का?" कमलम्मा ओरडली, आणि तेही गुरुपादप्पांना ऐकू आलं नाही. अख्खं घर हसून हसून लोळलं. लक्ष्मम्मा हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती.

"परत लाव," गुरुपादप्पा उमाशंकरला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मठात लक्ष्मम्माने पुढे ओळ म्हणायचं काम आपणहून कमलम्माला दिलं आणि स्वतः खालचा सूर धरून बसली. गुरुपादप्पा पायरीवर होते.

रात्री जेवताना तिने भाकरी वाढली आणि नेहमीच्या तीन शब्दांची वाट बघत उभी राहिली. त्यांनी एक घास खाल्ला, पाणी प्यालं.

"आज शेवटाला जरा घाई केलीस," ते म्हणाले.

इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता. तिने त्यांच्या ताटात तुपाचा मोठा चमचा ओतला आणि म्हणाली, "केली खरं. पुढच्या सोमवारी करनार न्हाई."