रिकाम्या बाकांवर अंथरलेला फलक

आज रविवारी दुपारी साडेतीन वाजता मैदानावरच्या कामगारांनी मला पूर्वेच्या गॅलरीतल्या बाकांवर अंथरलं. सामना चारला सुरू व्हायचा होता. त्यांनी माझ्या चारही बाजू ताणल्या, कडेच्या पितळी कड्यांतून दोरी ओवली आणि ती लोखंडी कठड्याला करकचून बांधली. माझ्याखाली एकही माणूस नव्हता.

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. ताडपत्रीचा. माझ्यावर दोनच शब्द लिहिलेले आहेत : ‘आम्ही आहोत’. इतकी वर्षं हे शब्द मी माणसांच्या वतीने बोललो. आज ते मला माणसांशिवाय बोलावे लागत आहेत. ही वेळ कशी आली, ते सांगतो. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून.

मी जन्माने फलक नव्हतो. मालट्रकवर सिमेंटच्या गोण्या झाकणं हे माझं काम होतं. वरून ऊन, वारा, पाऊस आणि पोटाखाली कोरडा माल, असं सरळ आयुष्य चाललं होतं. एकदा घाटात दोर तुटला आणि मी मधोमध फाटलो. ड्रायव्हरने मला ताडपत्री शिवणाऱ्या ताईंच्या दुकानात टाकलं, नवी ताडपत्री घेतली आणि तो वळूनही न पाहता निघून गेला.

ताई जमिनीवर मांडी घालून शिवतात. हातात दाभण, तळहातावर चामड्याचा तुकडा बांधलेला आणि तोंडात टोक ओलं करायला घेतलेला दोरा. माझ्यासारख्याच आणखी दोन फाटक्या ताडपत्र्या त्यांनी मला जोडल्या. तीन म्हाताऱ्यांचा मिळून एक तरुण उभा केला म्हणा ना. मग त्यांचा धाकटा भाऊ आला. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो; सगळे त्याला पेंटरच म्हणतात. त्याने माझ्यावर विटकरी रंगात अक्षरं काढली. विटकरी अशासाठी, की आमचा फुटबॉलचा संघ मुळात वीटभट्टीच्या कामगारांनी काढलेला. त्यांच्या सदऱ्याचा रंग तोच.

पेंटरने पहिली अक्षरं ऐसपैस काढली आणि शेवटाला जागा संपली. शेवटचं अक्षर कडेला अंग चोरून उभं राहिलं.

गॅलरीतला आमचा जुना सोबती न्हावी बघायला आला होता. तो म्हणाला, “पेंटर, बिचाऱ्याला उभं राहायला जागा दिलीस, बसायला नाही!”

“गॅलरीत तरी कुणाला बसायला मिळतंय?” पेंटर म्हणाला.

ते खरंच होतं. त्या काळात पूर्वेची गॅलरी खच्चून भरायची. सामना सुरू होण्याआधी मला सर्वांत वरच्या पायरीवरून खाली सोडायचे. मी हातांवरून, डोक्यांवरून सरकत शेवटच्या कठड्यापर्यंत जायचो आणि सगळी गॅलरी माझ्याखाली झाकली जायची. बाहेरून लोकांना माझी अक्षरं दिसायची. मला मात्र आतलं ऐकू यायचं. अंधारात कुणाचा चष्मा पडायचा, कुणी दुसऱ्याचा पाय आपला समजून खाजवायचं, कुणी शेजाऱ्याच्या पुड्यातले दाणे उडवायचं. माझ्या पोटाला त्या सगळ्यांच्या श्वासाची ऊब लागायची. मित्रांनो, सिमेंटच्या गोणीला श्वास नसतो. फरक मला पहिल्याच दिवशी कळला.

एका वर्षी आमच्या संघाने चषक जिंकला. खेळाडूंनी मला खाली मागून घेतलं आणि मैदानाला फेरी मारली. कर्णधाराच्या बुटांचा चिखल माझ्या कडेला लागला. ताईंनी तो कित्येक दिवस कुणाला धुऊ दिला नाही.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगता येते. संघ एका मालकाने विकत घेतला आणि कर्णधार विकला. पुढच्या वर्षी पुढे खेळणारे दोघे विकले. त्यांच्या जागी आले ते कुणाला नको असलेले, किंवा कालपरवा शाळा सुटलेले. संघ हरू लागला. आधी चुरशीने, मग सवयीने. आता गुणतक्त्यात सर्वांत खाली आमचंच नाव असतं. हा हंगाम तळाला संपला तर संघ मोडून मैदानावर गोदामं बांधायची, असं मालक म्हणाल्याचं मी ऐकलं आहे. त्याच्या तोंडून नव्हे. गॅलरीत सगळे बोलत होते.

तरी लोक येत होते. हरणाऱ्यांच्या गॅलरीत विनोद फार चांगले होतात. दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नसतं. आमची बचावफळी जागच्या जागी उभी असताना समोरचा गोल करून गेला, तेव्हा न्हावी ओरडला, “हलू नका, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. ह्यांना कुणी सांगितलं?” लोक पोट धरून हसले. ताई हसल्या नाहीत. त्या तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या, “ऊठ रे बाळा, ऊठ, काही झालेलं नाही.” हे गोलरक्षकासाठी होतं. तो मातीत तोंड खुपसून पडला होता.

तीन रविवारांपूर्वी असाच एक सामना हरल्यावर कुणी घरी गेलं नाही. मला अर्धं गुंडाळून झालं होतं. पेंटर माझ्या गुंडाळीवर पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “पुढच्या रविवारपासून यायचं नाही. कुणीच नाही. फाटकाबाहेर उभं राहायचं.”

“का?” ताईंनी विचारलं.

“का म्हणजे? मालक माणसं विकतो, आपण तिकिटं काढतो. तो आणखी विकतो, आपण आणखी ओरडतो. गळक्या घागरीत पाणी ओतत राहिलं, तर भोक बुजवायचं कुणाला सुचणार? गॅलरी रिकामी दिसली, की संघ दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकेल.”

“आजारी माणसाला भेटायला जायचं बंद केलं, तर तो बरा होतो का रे?”

“डॉक्टरच विष देत असेल, तर उशाशी बसून काय करणार, ताई?”

“हात धरणार. एकट्याने तरी मरू नये त्याने.”

“मी त्याला जगवायचं बोलतोय!”

“आणि मी काय, तिरडी बांधायचं बोलतेय?”

मित्रांनो, दोघांना भीती एकाच गोष्टीची होती. संघ जाईल, मैदान जाईल आणि रविवारी दुपारी जायला कुठलीच जागा उरणार नाही. दुकान बंद केल्यावर ताईंना बोलायला माणूस म्हणजे ही गॅलरी. पेंटरचंही तसंच. भीती एक, पण वाटा दोन.

हात वर करून मत घेतलं. बहुतेक हात पेंटरच्या बाजूने गेले. ताई म्हणाल्या, “ठरलं ते ठरलं. मी काही पंगतीतून उठून वेगळी चूल मांडणार नाही.” मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “पण ह्याला मी घरी नेणार. शिवलाय मी.”

“अक्षरं कुणाची आहेत?” पेंटर म्हणाला.

“अक्षरं पुसता येतात.”

“मग पूस आणि घाल पुन्हा सिमेंटवर!”

ताईंनी पिशवी उचलली आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. पेंटर दुसऱ्या बाजूने गेला. मला उचलायला दहा-बारा माणसं लागतात. ती सगळी या दोघांच्या तोंडाकडे पाहत थांबली आणि मग पांगली. इतका विचार करून घेतलेल्या निर्णयात माझा विचार करायचा राहून गेला. मैदानाच्या कामगारांनी मला ओढत गॅलरीखालच्या खोलीत नेऊन टाकलं. तिथे जाळ्या होत्या, चुन्याची पोती होती.

पुढचे दोन रविवार मी त्या खोलीत काढले. सामना चालू असताना वरून काहीच ऐकू येत नव्हतं. पाय आपटणं नाही, शिव्या नाहीत. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज मात्र स्पष्ट यायचा, आणि फाटकाबाहेरून अधूनमधून घोषणा.

आज टीव्हीवाले आले. त्यांचा कॅमेरा पूर्वेच्या गॅलरीसमोर लागतो. मालकाचा व्यवस्थापक खोलीत आला, चुन्याच्या पोत्यावर चढला आणि म्हणाला, “हा काढा. बाकं झाका.”

एक कामगार म्हणाला, “साहेब, पण माणसं नाहीत आणि हा म्हणतोय, आम्ही आहोत.”

“म्हणू दे. टीव्हीवर कुणी खाली वाकून बघत नाही. घट्ट ओढा, सुरकुत्या नकोत.”

साडेतीनला काय झालं, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

माझी वरची कड सर्वांत वरच्या पायरीच्या कठड्याला बांधली आहे. तिथून एकीकडे मैदान दिसतं आणि दुसरीकडे फाटक. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात फाटकाबाहेरच्या घोषणा थांबल्या. न्हाव्याच्या हातातल्या मोबाइलवर सामना लागला होता आणि सगळी डोकी त्याच्यावर वाकली होती.

“आपलंच कापड आपल्याच तोंडावर!” पेंटर ओरडला. तो रखवालदाराकडे धावला. “आमचा फलक आहे तो. काढून घेऊ दे.”

“तिकीट दाखवा, आत जा,” रखवालदार म्हणाला. “मला काय, लग्नाला जा नाहीतर बारशाला.”

“तिकीट काढलं तर उद्या तो म्हणेल, लोक परत आले!”

“मग नका काढू.”

ताई तिकिटाच्या खिडकीकडे गेल्या. पेंटरने त्यांची पिशवी धरली. “ताई, तू पंगत सोडणार नव्हतीस.”

“जेवणात माती पडल्यावर उठायचं नाही का? माझ्या टाक्यांनी खोटं बोलतोय तो. सोड पिशवी.”

रखवालदाराने पिशवीतली कात्री आणि दाभण काढून ठेवून घेतलं. ताई पायऱ्या चढून आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. त्यांनी पहिली गाठ नखांनी सोडवायला घेतली. दोरी नवी होती, गाठ कडक. एक नख तुटलं. त्यांनी ते तोंडात धरून दाबलं आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं. बऱ्याच वेळाने माझं एक टोक सुटलं. त्याखालचं बाक उघडं पडलं. ताई त्यावर टेकल्या.

तेवढ्यात चेंडू गॅलरीच्या कठड्यावर आदळून थांबला. तो घ्यायला गोलरक्षक आला आणि वर पाहतच राहिला.

“मावशी, बाकीचे?”

“बाहेर आहेत.”

“आमच्यावर रागावलेत?”

“तुमच्यावर नाही रे.”

“मग आम्हालाच का दिसत नाहीत? न्हावीकाकांच्या शिव्यासुद्धा नाहीत. मला वाटलं, आता शिव्या देण्याच्या लायकीचेही राहिलो नाही आम्ही.”

पंचाने शिट्टी वाजवली. तो चेंडू घेऊन धावत परत गेला. ताईंनी दुसऱ्या गाठीला हात लावला आणि काढून घेतला. मला ओढून काढलं, तर त्या पोराला समोर उघडी बाकं दिसणार. तसंच ठेवलं, तर सगळ्या जगाला माणसं दिसणार, जी इथे नाहीत. मी त्यांच्या टाक्यांनी जोडलेला आहे, मित्रांनो, पण त्या क्षणी मला त्यांच्या काही उपयोगी पडता आलं नाही.

मागच्या कठड्याखालून पेंटरचा आवाज आला. “ताई! काढ ना! कशाची वाट बघतेस?”

ताई उठल्या, कठड्यावरून खाली वाकल्या. “एकटीने उचलतो का हा? तुला माहीत नाही? काढायचा असेल तर वर ये. धर एक टोक. दहा माणसं आण.”

“दहा तिकिटं काढून?”

“मग काय, उडत येणार?”

खाली कुणी तरी हसलं. पेंटर हसला नाही. “आम्ही आत आलो तर हरलो, ताई.”

“आणि नाही आलात तर तुमच्या नावाने हा बोलत राहणार. ठरव. मला खाली पोराकडे बघायचंय.”

मित्रांनो, बुडणाऱ्यांच्या शेजारी बसून राहावं, की त्यांना वाचवण्यासाठी दूर व्हावं, हे मला सांगता येत नाही. दोन्हीकडची माणसं माझ्या सावलीत बसून गेली आहेत आणि दोन्हीकडची खरी होती. मला फक्त एक विनवणी करायची आहे. कुणावर रागावून निघून जाल, तेव्हा ज्या वस्तूवर तुमचा शब्द लिहिलेला आहे, ती मागे टाकून जाऊ नका. वस्तूला गप्प बसता येत नाही. जो ताणेल त्याच्यासाठी ती बोलते.

मध्यंतर झालं तेव्हा आमचा संघ एका गोलने मागे होता. आता उत्तरार्ध सुरू झाला आहे. ताई बाकावर बसल्या आहेत आणि दुसरी गाठ सोडवत आहेत. ती अजून सुटलेली नाही. खाली तिकिटाच्या खिडकीसमोर पेंटर उभा आहे. त्याच्या मागे न्हावी आहे, आणि न्हाव्याच्या मागे आणखी काही जण. खिडकीतला माणूस त्यांना काही तरी विचारतो आहे. पेंटरचा हात खिशात गेला आहे, तो अजून बाहेर आलेला नाही.