हाताएवढा डाग

“सात नंबर. छताचं कापड, मागे डाव्या बाजूला डाग. अंदाजे हाताएवढा,” संयमनं वाचलं आणि पेन्सिलीनं त्यापुढे टिंब दिलं.

“हाताएवढा नाही साहेब, हातच आहे तो,” अभिमन नाना म्हणाले.

संयमनं मान वर केली. फायनान्स कंपनीचा हा पोरगेलासा अधिकारी, कपाळावर सकाळचा केशराचा टिळा, बोलायला गोड. जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेला लागून कंपनीचं आवार होतं. करार संपलेल्या गाड्या तिथे रांगेनं उन्हात उभ्या असत आणि पुढच्या पत्र्याच्या ऑफिसात संयम त्यांच्या उणिवा मोजत बसे. नानांनी पंधरा दिवसांपूर्वी गाडी इथे आणून सोडली होती. मागोमाग घरी कागद आला होता: झीज आणि नुकसानीपोटी इतके इतके भरा. म्हणून आज ते सकाळच्या गाडीनं दोंडाईच्याहून निघून भांडायला आले होते.

भांडण म्हणजे काय हे नानांना कुणी शिकवायला नको होतं. बत्तीस वर्षं ते वीज मंडळात मीटर रीडर होते. दारात सायकल लावली की घरोघरी एकच आरती सुरू व्हायची, एवढी वीज आम्ही जाळलीच नाही! नाना शांतपणे आकडा लिहीत आणि सांगत, “अर्ज करा.” त्या बत्तीस वर्षांत चांगला भांडणारा कसा असतो हे त्यांना पाठ झालं होतं. तो निम्मं कबूल करून निम्म्यावर तोडत नाही. तो मुळात काही घडलंच नाही असं म्हणतो.

त्याच बळावर त्यांनी सकाळपासून सहा कलमं उडवली होती. दुसरी किल्ली मिळाली नाही म्हणता? ही घ्या, खिशातच आहे. किलोमीटर जास्त? ही वही बघा, रोजचं रीडिंग आहे, माझ्या अक्षरात. संयमनं वही चाळली आणि हसून हात जोडले होते.

आता राहिलं होतं सातवं, आणि तेच सगळ्यात महाग. अख्ख्या छताचं कापड बदलायचं, मजुरीसकट.

“हात म्हणजे? कुणाचा?” संयमनं विचारलं.

“घरच्यांचा.” नाना एवढंच म्हणाले.

नानांच्या बायकोला, शेवंताबाईंना, आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. जाताना एसटी चालायची, येताना मात्र त्यांचे हाल कुत्रा खाईना. एकदा शिंदखेड्यापर्यंत त्या उभ्यानं आल्या, पिशवीत ओकत, आणि लोक नाक धरून खिडकीकडे वळले. त्या दिवशी नानांनी ठरवलं, गाडी घ्यायची. कर्जाचा हप्ता पेन्शनला झेपत नव्हता, पण ही योजना झेपली: चार वर्षं वापरा, मग उरलेली रक्कम भरून गाडी ठेवून घ्या, नाहीतर परत करा. एकोणसाठाव्या वर्षी ते गाडी शिकले. गल्लीतली पोरं हसली, हसू दे म्हणाले.

गाडी दारात आली तेव्हा शेवंताबाईंनी वाटीत तेलात शेंदूर कालवला. डाव्या हाताला सुयांची गाठ, म्हणून उजवा पंजा वाटीत बुडवला. बॉनेटवर उमटव म्हणून सगळे सांगत होते, तर या सरळ मागच्या दारातून आत शिरल्या आणि आपल्या बसायच्या जागेच्या वर, छतावर, थाप मारली.

“अवं, मधमा कसाले?” नाना ओरडले होते.

“बाहेर उमटाडा त पानीमा धोवाई जाई,” त्या म्हणाल्या. “आठे मी रोज देखसू.”

आणि खरंच रोज देखला. डायलिसिसहून परतताना त्या आडव्या होऊन त्याच्याकडेच बघत असायच्या. करंगळी वाकडी उमटली होती, कारण ती होतीच वाकडी, लहानपणी जात्याखाली सापडलेली. कधी त्या हात वर करून त्यावर आपला पंजा जुळवायच्या. शेवटच्या वर्षी तो जुळेना. वरचा पंजा मोठा आणि खालचा लहान. नारडाण्याजवळ एकदा आरशात नानांना ते दिसलं, आणि त्यांनी बघितलं हे शेवंताबाईंनाही दिसलं.

“देखा,” त्या हसून म्हणाल्या, “मन्हा हात वर ऱ्हाई गया नि मी आटी गऊ.”

पाच महिन्यांपूर्वी त्या गेल्या. मुदत संपली तेव्हा गाडी ठेवण्याइतके पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर मागची रिकामी सीट आरशात घेऊन चालवायची छातीही नानांना नव्हती. गाडी सोडायला आले त्या दिवशी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. किल्ली टाकली आणि चोरासारखे निघून गेले. पंधरा दिवस त्याचीच टोचणी लागली होती. आज भांडण संपलं की एकदा मागे बसायचं, तो हात नीट डोळे भरून बघायचा, हे त्यांनी सकाळी येतानाच मनाशी ठरवलं होतं. चार्ज, कलमं हे सगळं निमित्त. पण भांडायला बसल्यावर मीटर रीडर जागा झाला त्याला ते तरी काय करणार?

“नाना, भावना समजतात,” संयम म्हणाला. “पण कंपनीच्या दृष्टीनं तो डागच. तेलकट आहे, पक्का बसलाय. कापड बदलावं लागेल.”

“पक्का कुठला? शेंदूर शे तो!” नानांचा आवाज चढला आणि गावची बोली तोंडात आली. “शेंदूर कधी पक्का बसतो का साहेब? ओल्या फडक्यानं निघेल.”

“निघेल?”

“न निघायला काय झालं!”

“मग पुसून बघू? निघाला तर कलम रद्द. माझा शब्द.”

“बघा ना पुसून! कोण नाही म्हणतं?”

संयमनं फोन उचलला. “छगन, ती दोंडाईच्याची पांढरी. छताचा डाग काढून बघ. ते औषध वापर, हो, आत्ताच.” मग नानांकडे वळून म्हणाला, “बसा दहा मिनिटं. चहा घ्या.”

चहा आला. नानांनी तो बशीत ओतला आणि फुंकर मारली. सातच्या सात कलमं! घरी सून नूतन आहे, तिला सांगायचं. मुलगा सुरतेला, त्याला रात्री फोन करायचा, म्हणायचं, तुझ्या बापाला एक पैसा लावू शकले नाहीत. शेवंतेला सांगायचं की...

बशी ओठांपाशीच थांबली.

शेवंतेला काय सांगायचं?

चहा टेबलावर सांडला. संयम “नाना, काय झालं?” म्हणेपर्यंत नाना दाराबाहेर होते. आवारात पन्नास-साठ गाड्या, निम्म्या पांढऱ्या. त्रेसष्ट वर्षांचा माणूस धोतर सावरत एकेका गाडीच्या नंबरावर वाकत पळत होता. स्वतःच्या गाडीचा नंबर त्यांना पाठ होता, पण त्या क्षणी तो डोक्यातून साफ पुसला गेला होता.

तिसऱ्या रांगेत एका गाडीचं मागचं दार उघडं दिसलं. बाहेर बादली. बादलीतलं पाणी शेंदरी.

छगन आतून पाठमोरा बाहेर आला. नानांना बघून त्याचा चेहरा खुलला. “झालं नाना! लई चिवट होतं, पण सोडलं नाही मी. करंगळीपाशी तर चांगलंच घासावं लागलं.” आणि त्यानं बादली नाल्यात ओतून दिली.

त्या माणसानं सांगितलेलं काम केलं होतं, आणि मन लावून केलं होतं.

“चांगलं काम केलं, भाऊ,” ते म्हणाले. “मी जरा मागे बसू का? मिनिटभर.”

“बसा की. तुमचीच गाडी होती.”

नाना डावीकडे बसले, तिच्या जागेवर. चार वर्षांत ते कधीच इथे बसले नव्हते. वर कापड ओलं होतं, करडं, औषधाच्या वासाचं. इतकं स्वच्छ की गाडीत कधी कुणी बसलंच नव्हतं असं वाटावं. मुळात काही घडलंच नाही. त्यांनी उजवा हात वर केला आणि जिथे असेल असं वाटलं तिथे पंजा टेकवला. दाबला. मग त्यांना रडू आलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरलं.

पंजा खाली घेतला तेव्हा तळव्यावर किंचित शेंदरी ओल आली होती.

संयम नवा कागद घेऊन गाडीपाशीच आला होता. “नाना, तुम्ही जिंकलात. बाकी शून्य. इथे सही करा.” नानांनी बोटांच्या टोकांत पेन धरलं आणि तळहात कागदाला टेकू न देता सही केली.

परतीच्या गाडीत त्यांनी डाव्या हातानं दांडी धरली, तिकीट डाव्या हातानं काढून दाखवलं. उजवा मांडीवर पालथा न घालता उताणा ठेवला होता. समोरच्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याला लागलंय.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. नूतन तांब्या घेऊन ओट्यावर आली. “हातपाय धुई ल्या, नाना. बठ्ठं मिटनं का?”

“मिटनं. एक पैसा बी नही लागना.”

तिनं पाणी घातलं. नानांनी पाय धुतले. मग डावा हात पुढे केला, तो धुतला.

“आनि तो?” नूतननं विचारलं.

“हाऊ ऱ्हाऊ दे, माय,” नाना म्हणाले. “हाऊ तिना शे.”

नूतनला काही कळलं नाही. पण तिनं तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्यासाठी दार उघडं धरलं.