नवव्या रात्रीची हाक

नवऱ्याच्या मरणानंतर डेल्मिराच्या पदरात उरली होती ती एकच गोष्ट: गाभण डुकरीण. मासेमारीची होडी अनिबालला घेऊनच माग्दालेना नदीच्या तळाशी गेली होती. महिन्याभरात डुकरीण व्याली की पिल्लांवर डेल्मिराचं वर्ष निघालं असतं. फक्त तोवर ती कुणाच्या ताटात जायला नको होती.

ताटं मात्र बरीच होती. मृताच्या नऊ रात्रींच्या प्रार्थनेला सासू पेत्रोना आली, धाकटा दीर विल्फ्रिदो आला, त्याची बायको आली, बायकोचे दोन भाऊही आले. घराच्या प्रत्येक खांबाला कुणाचा तरी झुला बांधला गेला. प्रार्थना विल्फ्रिदो म्हणायचा, म्हणून कोंबडीची तंगडीही त्यालाच.

"वहिनी, म्हणणाऱ्याचा घसा कोरडा पडला की आत्मा वाटेत अडकतो," असं म्हणत तो रमचा पेला पुढे करायचा.

"म्हणजे तुमचे दादा तुमच्या घशातून चाललेत होय, भाऊजी. तरीच उशीर होतोय."

पेत्रोना हसली नाही. "माझ्या लेकाच्या नावाने चार घास खाल्ले तर तुझ्या पोटात दुखतं?"

"दुखायला पोटात काही जायला हवं ना, आई."

नवव्या रात्रीपर्यंत कोंबड्या संपल्या. पहाटे मृतासाठी घरात मांडलेली मेणबत्त्यांची वेदी उतरवायची होती. एकेक मेणबत्ती विझवताना रडून घ्यायचं, पण गेलेल्याचं नाव मुळीच घ्यायचं नाही. हाक ऐकली की आत्मा दारातून मागे फिरतो आणि नऊ रात्री पुन्हा पहिल्यापासून.

शेवटची मेणबत्ती उरली असताना अंगणात डुकरीण किंचाळली. विल्फ्रिदोच्या एका मेहुण्याने न्याहारीची सोय म्हणून तिच्या पायाला दोरी लावली होती.

"अनिबाल, बघ रे काय झालं!"

डेल्मिराच्या तोंडून निघून गेलं. छप्पर गळो की डुकरीण सुटो, लग्न झाल्यापासून ती हेच ओरडत आली होती.

विल्फ्रिदो पुन्हा खुर्चीत टेकला. "फिरला मागे. आता काय, परत नऊ रात्री."

"आणि खायला?" त्याच्या बायकोने विचारलं, आणि सगळ्यांनी अंगणाकडे पाहिलं.

"गाभण आहे ती," डेल्मिराने दोरी हातात घेतली.

"छे हो वहिनी, नुसतं पोट सुटलंय."

"नको देऊस," पेत्रोना शांतपणे म्हणाली. "राहू दे माझ्या लेकाला उंबऱ्यातच ताटकळत. हाक मारणारी तूच होतीस."

अनिबालचं प्रेतसुद्धा हाती लागलं नव्हतं. त्याला मिळण्यासारख्या होत्या त्या या रात्रीच. डेल्मिराने दोरी सोडली.

डुकरीण चिरली तेव्हा आत सात पिल्लं निघाली. पेत्रोनाने ती केळीच्या पानाने झाकली. संध्याकाळी विल्फ्रिदो म्हणाला, मांस कसं लुसलुशीत आहे.

दुसऱ्या खेपेच्या शेवटच्या पहाटे डेल्मिरा तोंडात पाण्याची गुळणी धरून बसली. मेणबत्त्या विझल्या, दार उघडलं, अनिबाल गेला. ती हूं की चूं करू शकली नाही.

सकाळी झुले सुटले. विल्फ्रिदोने डुकरिणीची मुंडी नेली, पेत्रोनाने चरबीचा डबा. अनिबालला निरोप मिळाला, तोही दोनदा. डेल्मिराची डुकरीण गेली, पिल्लं गेली, आणि नवऱ्यासाठी रडायची जी एक घडी होती ती गालात पाणी धरून गेली.